उरलेलं अर्धं शिखर

माघाची सकाळ. कृष्णेच्या पात्रावर धुक्याची धूसर दुलई, घाटाच्या काळ्याभोर पायऱ्यांवर दवाचा शीतल लेप, आणि पैलतीरी महादेवाच्या देवळाचं शिखर: अर्धं सावळं, अर्धं सुवर्णमंडित. ऊन अजून पाण्यापर्यंत उतरलं नव्हतं.

दर रविवारी या घाटावर चित्रं काढणारी मंडळी जमत. त्यांत दत्तोबा पोरे सगळ्यांत थोरले आणि सगळ्यांत नवखे. उभा जन्म त्यांनी वाईच्या पेठेत शिवणकाम केलं. मग उजवा हात थरथरू लागला, कात्री कापडावर भरकटू लागली आणि दुकान बंद झालं. हात थरथरतो म्हणून तो आपला राहिला नाही, हे मात्र दत्तोबांना मुळीच मान्य नव्हतं.

गेल्या रविवारी फजिती झाली होती. कापड दुमडायचं, अर्ध्यावरच खडूने आखायचं. कापलं की दुसरी बाजू आपसूक मिळते. तीच जन्माची सवय. दत्तोबांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून शिखराची डावी बाजू बाहीच्या मुंढ्याच्या वळणासारखी झोकदार आखली, मधोमध रेघ मारली आणि समाधानाने पेन्सिल ठेवली. शेवटी आपापलं चित्र पायरीवर मांडायचं, हा इथला रिवाज. ते अर्धं देऊळ बघून सगळा घाट हसला. दत्तोबाही हसले, पण ते हसू घरापर्यंत टिकलं नाही.

आज निघताना सून म्हणाली, "अण्णा, थंडी हाय. हात बघा कसा हलतोय."

"हलू दे," दत्तोबा म्हणाले. "पोहे झाकून ठेव."

घाटावर त्यांनी तोच कागद उलगडला. हा वर्ग चालवणाऱ्या अनघाताई जवळ आल्या. "काका, नवा कागद देऊ?"

"नको. ह्याचंच राहिलंय."

कागद मध्यावर दुमडून नखाने घासला असता, तर दुसरी बाजू क्षणात उमटली असती. बोटं कडेपर्यंत गेलीसुद्धा. तेवढ्यात त्यांनी मान वर केली. उजवीकडे ऊन होतं. उजवीकडे भेगेतून उगवलेलं पिंपळाचं कोवळं रोप होतं, पंख फुलवून बसलेला पारवा होता. डावीकडे यांतलं काहीच नव्हतं. हे दुमडून मिळणार नव्हतं, बघूनच काढायला हवं होतं.

रेघ निघाली. थरथरत निघाली, अडखळत चढली, पिंपळापाशी क्षणभर थबकली. हात थरथरत होता, रेघ चालत होती. रबर शेजारीच होतं, दत्तोबांनी त्याला हात लावला नाही. हात थरथरत होता, रेघ चालत होती, आणि कळसापाशी ती डावीकडच्या जुन्या रेघेला जाऊन मिळाली.

मांडायची वेळ झाली. दत्तोबा उठले, गुडघे सावरत तीन पायऱ्या उतरले आणि सगळ्यांच्या आधी आपला कागद ठेवला. उडू नये म्हणून वर गोटा ठेवला. डावी कड कात्रीने कापल्यासारखी, उजवी थरथरती. मंडळी वाकून बघू लागली. या खेपेला कुणी हसलं नाही, आणि हसलं असतं तरी दत्तोबांनी तो कागद उचलला नसता.

धुकं विरलं होतं. खाली कृष्णेत शिखर उतरलं होतं. त्याची कड थरथरत होती, कळस थरथरत होता, पिंपळाचं पान न् पान थरथरत होतं. आणि शिखर अख्खं होतं.