नख अडणारी फरशी

आरशासारख्या गुळगुळीत फरशीची इतकी किळस मला पूर्वी कधी आली नव्हती.

धाकट्या भावाच्या फरशी-कारखान्यात मी तीस वर्षे फोरमन आहे. तंत्रनिकेतनात अंगी बाणलेली शिस्त मी तिथे लावली. पहिला नियम असा: नख अडले की घासायचे. गेल्या आठवड्यात माझ्या पुतणीला, ती महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते, नव्या मालातल्या एका फरशीवर बारीक खळगे आणि तीन बोटांची पावले दिसली.

"मोठे काका, हे पावसाचे थेंब आहेत! ओल्या चिखलावर पडले, चिखल सुकला, वर गाळ बसला आणि सगळ्याचा दगड झाला. या प्राण्याचा दुसरा पुरावा नाही आमच्याकडे. सोमवारी आमचे लोक येतील, तोवर सांभाळा."

मी शब्द दिला. मिस्त्रीला म्हणालो, "ताईंची फरशी आहे, सोमवारी त्यांचे पाहुणे येणार आहेत. नीट बघ."

त्याने नीट बघितले. माझ्याच नियमाने.

सोमवारी सकाळी फरशी लखलखत होती. यंत्राखालच्या राखाडी रबडीतून, सिगारेटच्या थोटकांसह, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा पाऊस गटाराकडे निघाला होता.

"केवढे खड्डे होते, साहेब! पाहुण्यांसमोर ताईंची मान खाली गेली असती," मिस्त्री म्हणाला.

"दादा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?" भाऊ हसला. "कोंबडीच्या पायांचं एवढं सुतक?"

"ती कोंबडी नव्हती."

"मग तिचा खापरपणजोबा. तोही मेलाच ना!"

त्या हसण्याची शिसारी आली. त्याहून अधिक माझ्या नियमाची.

मग डोके चालवले. खालच्या थरात पाऊल खोल उमटते. त्यात भरलेला गाळ वरच्या थराला उंचवटा होऊन चिकटतो. ही फरशी एका जाड दगडाची चीर फोडून काढली होती.

"हिच्या वरचा पापुद्रा कुठे आहे?"

मिस्त्रीने मान खाली घातली. "फार खडबडीत होता, साहेब. घासणं परवडेना. कामगारांच्या संडासात बसवला. पाय घसरत नाही त्यावर."

आत पिवळट बुळबुळीत थर, साबणाचा चिकटा, केसांचे गुंतवळे. नाक जळत होते. मी गुडघे टेकले आणि नखाने ती घाण खरवडू लागलो. नख अडले. एक बोट. दुसरे. तिसरे.

"दादा, उठ रे! माणूस लावतो ना साफ करायला," भाऊ नाकाला रुमाल लावून ओरडला.

"नको. तुझा माणूस नीट करील."

तेवढ्यात पुतणी दारात उभी राहिली.

"खालची मी घालवली, पोरी," मी म्हणालो. "नियम माझाच होता."

तिने आधी माझे हात पाहिले, मग फरशी. ओढणी खोचून ती शेजारी बसली आणि तिने उंचवट्यावरून नख फिरवले.

"बाबा," ती मागे न पाहता म्हणाली, "पहार आणा. आणि यंत्र बंद करा."