मामाच्या तोंडाचा नमुना

माझ्या मामाने आयुष्यात दारूचा एक घोट गिळलेला नाही, आणि गेली बावीस वर्षं तो दारू चाखण्याचाच पगार घेतो. लोक हसतात. हसू देत! कारखान्यात चाखायचं ते असंच. पेला नाकाशी धरून हुंगायचं, घोटभर तोंडात घेऊन जिभेवर घोळवायचं आणि पचकन पिकदाणीत थुंकायचं. मग पाण्याची चूळ, की पुढचा पेला. रोज चाळीस. संध्याकाळी मामा फाटकातून सरळ रेषेत चालत बाहेर पडायचा, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

मी तिथल्याच प्रयोगशाळेत. आई गेल्यावर मामाने मला वाढवलं, शिकवलं आणि इथे चिकटवलंही. प्रत्येक टाकीचा नमुना मशीनमध्ये घालायचा आणि त्यात अल्डिहाइड किती ते लिहायचं, हे माझं काम. अल्डिहाइड हा दारूतला घातक पदार्थ, त्याला कच्च्या सफरचंदाचा वास येतो. ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की टाकी नापास. पण शेवटचा शब्द मशीनचा नाही, मामाचा.

एकदा जेवताना तो मोठ्याने हसला आणि मला त्याच्या गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा दिसला. विचारलं तर म्हणे, दात लागला असेल. तीन आठवड्यांनीही चट्टा तिथेच. रोज तोच दात लागतोय होय? ओढतच नेलं त्याला डॉक्टरीणबाईंकडे.

"दारू किती घेता?" बाईंनी विचारलं.

"थेंबही नाही!" मामाचा तिळपापड झाला. "चाखतो. चाखून थुंकतो."

"किती वेळा?"

"चाळीस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे दिवसातून चाळीस वेळा तोंड दारूत बुडवता. अहो, तुम्ही थुंकलात तरी थोडी लाळेत उरतेच. तोंडातले जंतू तिचं अल्डिहाइड करतात, आणि ते दहा-पंधरा मिनिटं तिथेच खेळत राहतं. त्याने कर्करोग होऊ शकतो."

"मग जंतूच मारतो की! तीन वेळा औषधी पाण्याने खळखळून चुळा भरतो मी." ती बाटली त्याला मीच आणून दिलेली. मी तोंड लपवलं.

"तेही बंद करा," बाई म्हणाल्या. "पालक, बीट खाता ना? त्यांच्यातलं नायट्रेट लाळेत उतरतं. तोंडातलेच काही जंतू त्यावर काम करतात, आणि त्यातून रक्तदाब ताब्यात राहायला मदत होते, असं दिसतंय. सरसकट सगळ्यांना कशाला मारता? त्यांना पालक द्या, दारू देऊ नका."

मग बाईंनी चट्ट्याचा बारीकसा तुकडा काढून तपासणीला पाठवला. निकालाला पंधरा दिवस.

बाहेर पडताच मामा फणकारला, "या बाईला चाखण्यातलं काय कळतंय!" आणि नेमकं त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी फर्मान काढलं. नवा माल बाजारात आणायचा, सोमवारपासून रोज साठ पेले. बदल्यात मामाला 'मुख्य चाखणार' हे पद. मामाची छाती अशी फुगली की शर्टाच्या गुंड्या ताणल्या. मी म्हटलं, नको घेऊस. तो म्हणाला, "बावीस वर्षांनी मान मिळतोय, तू मध्ये तंगडी घालू नकोस."

माझं डोकंच सणकलं. गालात तो चट्टा आणि याला मान हवाय!

शनिवारी त्याचं काम आटपायच्या वेळी मी चाचणीच्या बाटल्या घेऊन त्याच्यासमोर उभी राहिले. "मामा, यात थुंक."

"काय?"

"थुंकल्यावर तोंडात काय उरतं ते मशीनमध्ये घालून बघते. तुझं खरं निघालं तर जन्मात पुन्हा बोलणार नाही."

"जन्मात नाही ना? नक्की?" त्या आशेवरच तो तयार झाला असणार. आधी पाण्याने चूळ भरून थुंकला. मग आमचा सगळ्यात स्वच्छ पांढरा माल तोंडात घेतला, थुंकला, आणि पाच मिनिटांनी दुसऱ्या बाटलीत थुंकी दिली. तेवढ्यात मॅनेजरसाहेब डोकावले. काय चाललंय ते कळल्यावर हसून लोटपोट झाले. "माझीही घे! एका घोटाने काय होतंय, दाखवतोच तुला." आणि ऐटीत एक घोट घेऊन थुंकले. पाच मिनिटांनी मी त्यांच्याही पुढे बाटली धरली.

मशीनने आकडे दिले तेव्हा मी खुर्चीत बसले ती बसलेच. मालात अल्डिहाइड जवळजवळ नाहीच. मामाच्या आधीच्या लाळेतही नाममात्र. घोटानंतरच्या लाळेत मात्र टाकीच्या मर्यादेच्या सहापट. साहेबांच्या लाळेत चौपट. यंत्र बिघडलं असेल म्हणून चारही नमुने पुन्हा घातले. तेच आकडे.

सांगून मामा ऐकणार नव्हता. त्याला मी पुरती ओळखते. तो फक्त स्वतःचंच ऐकतो.

सोमवारी सकाळी नेहमीसारखा मी आकड्यांचा कागद त्याच्यापुढे ठेवला. रोज आधी कागद बघूनच तो ठरवतो, कुठल्या टाकीला तोंड लावायचं आणि कुठल्या नाही. त्या दिवशी सहा ओळी होत्या, फक्त नंबर आणि आकडे. साहेब साठ पेल्यांचा मुहूर्त करायला शेजारी येऊन उभे होते.

मामाने चष्मा चढवला. "एक, पास. दोन, पास. तीन, चार, ठीक." पाचव्या ओळीवर तो थबकला आणि लाल पेनने कागद फाटेल अशी फुली मारली. "ही काय घाण आहे! सहापट? आणि हा सहावा चौपट! कुणी भरल्या या टाक्या? आत्ताच्या आत्ता गटारात ओता! असला माल कुणाच्या तोंडाला लावायची काय बिशाद आहे!"

"बरोबर आहे," साहेबांनी मान डोलावली. "सही करा."

मामाने झोकात सही केली.

"मामा," मी म्हटलं, "पाच नंबर म्हणजे तुझं तोंड. सहा नंबर साहेबांचं."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. "हा काय पोरखेळ आहे? हा कागद रद्द!"

"रद्द कसा होईल?" मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. चाखणाऱ्याने नापास केलेला नमुना पुन्हा कुणीही तोंडाला लावायचा नाही. खाली सही साहेबांचीच. "आणि हा माल तर प्रत्येक घोटाला मामाच्या तोंडातच तयार होतो, साहेब."

मामा मात्र कागदाकडेच बघत होता. पाच नंबरच्या फुलीवर बोट ठेवून तो म्हणाला, "बावीस वर्षं मी दुसऱ्यांची तोंडं सांभाळली. पोरी, मला भीती वाटतेय गं."

"मलाही वाटतेय," मी म्हटलं. खरंच वाटत होती. रोज रात्री वाटत होती.

तो उठला. "साहेब, आजपासून मी हुंगणार. नाकाला ठरवता आलं नाही तरच तोंड, आणि तेही दिवसाला दोनदा, पाणी घालून. बसवा माझ्यासमोर कुणालाही, नाकाने हरवून दाखवतो."

"एक जरी खराब टाकी सुटली ना, तर घरी जायचं," साहेब गुरगुरले.

"जाईन."

पाच दिवस सगळा कारखाना मामाच्या नाकावर डोळे लावून होता. शुक्रवारी त्याने आकड्यांचा कागद न बघताच चव्वेचाळीस पेले नुसते हुंगले आणि एक बाजूला सारला. साहेबांनी नव्या मालासाठी नुकत्याच घेतलेल्या दोघा चाखणाऱ्यांना तो तोंडात घ्यायला लावला. दोघेही म्हणाले, उत्तम आहे. मी नमुना मशीनमध्ये घातला, तर मर्यादेच्या दीडपट! मी आकडा मोठ्याने वाचला, अगदी मुद्दाम. साहेबांनी टाकी बंद करायला सांगितली आणि संध्याकाळी पाटीवर नवा नियम लागला. कुणीही दिवसाला दोनपेक्षा जास्त घोट तोंडात घ्यायचे नाहीत. त्या दोघा चाखणाऱ्यांनी मामाचे हात धरून आभार मानले, तेव्हा मामाला कुठे बघावं कळेना.

आणि पुढच्या मंगळवारी निकाल आला. डॉक्टरीणबाईंनी पाकीट फोडलं तेव्हा मामाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बोटं बधिर झाली.

"पेशी निरोगी आहेत," बाई म्हणाल्या. "कर्करोगाचं चिन्ह नाही. चट्ट्यावर लक्ष ठेवू, दर तीन महिन्यांनी या. पण वेळेवर थांबलात हं."

मामा उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. "थांबलो नाही, बाई. हिने थांबवलं," तो म्हणाला. मी, जिने साहेबांपुढे पापणी लववली नाही, तिने तिथे डॉक्टरांच्या खोलीत मामाच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं. बाहेर बसलेल्या लोकांना वाटलं, काहीतरी वाईट झालं. मामाने दार उघडून सगळ्यांना ओरडून सांगितलं, "वाचलो! मी वाचलो!"