ताणलेल्या पडद्यामागे

ग्रीसमधल्या योआनिनाच्या सरकारी इस्पितळात एव्हान्थियाचा आज एकोणिसावा दिवस. आईच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून बसून कंबरेचा काटा ढिला झाला होता. नर्सा कमी, म्हणून पुसणं-भरवणं घरच्यांनीच करायचं. त्याचं तिला काही नव्हतं. तिला दमवलं होतं ते खोटं बोलण्यानं. आईला गाठ झालीय हे आईलाच कळू द्यायचं नाही, असं तिनं पहिल्याच दिवशी डॉक्टरांना गयावया करून सांगितलं होतं. आमच्याकडची रीतच ती, रोगी सोडून सगळ्या गावाला ठाऊक.

पण आई कल्लिरोई म्हणजे चाळीस वर्षं शाळेत जुनी ग्रीक शिकवलेली बाई. बाकीच्या जगात डॉक्टर ग्रीक शब्द फेकतात आणि रोगी गप्प बसतो. आमच्याकडे ते शब्द घरचेच, लपवणार काय कपाळ! म्हणून रिपोर्ट एव्हान्थियाच्या पिशवीच्या तळाशी, स्वेटरखाली. विचारलं की सांगायचं, सूज आहे.

दुपारी पलीकडच्या पलंगावरची स्तमातिया आपला कागद घेऊन आली. मेंढ्या राखण्यात जन्म गेलेला, अक्षरओळख बेताची.

"बाई, एवढं वाचून द्या. माझी पोर धड काही सांगत नाही."

आईनं चष्मा लावला. एव्हान्थियानं वाकून पाहिलं. तिच्या पिशवीतल्या कागदावरचाच तो लांबलचक शब्द होता.

आईनं वर्गात फोडून सांगावा तसा तो बोटानं फोडला. 'ओपिस्थो' म्हणजे मागं. 'पेरी' म्हणजे भोवती. उरलेलं म्हणजे ताणलेलं. पोटात सगळ्याभोवती एक पडदा ताणलेला असतो, त्याच्यामागं.

"मागं काय, बाई?"

पुढचा शब्द 'नेओ'नं सुरू होत होता. नेओ म्हणजे नवं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नवं वाढलेलं काहीतरी. आईचं बोट तिथंच थांबलं.

"सूज," आई म्हणाली.

स्तमातिया छातीवर क्रूसाची खूण करून समाधानानं आपल्या पलंगावर गेली. एव्हान्थियाला मान वर करवेना.

"आई, तू माझ्या पिशवीतला कागद…"

"मंगळवारी. कंगवा शोधत होते." आईनं चष्मा काढला. "तिची पोर सकाळी माझ्यापाशी रडली, खोटं सांगा म्हणून. तिच्यासाठी सांगितलं. तुझ्यासाठी मंगळवारपासून बावळटासारखी हसतेय. दमले गं मी. आता तू तरी माझ्याशी खरं बोल."

एव्हान्थियाचे डोळे भरून आले. "गाठ आहे, आई," ती म्हणाली. "मोठी आहे."

आईनं नुसतं हं केलं आणि जरा सरकून पलंगावर तिला जागा करून दिली.