मालकाचं नाव

लक्ष्मीकांतांनी कोऱ्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली, आणि मग चूक त्यांच्या लक्षात आली.

तीस वर्षांची मोडीची सवय. आधी रेघ, मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं टांगत जायची. आज परीक्षा बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपीची होती. यापुढे उत्तरेतल्या या मराठी संस्थानाच्या इंदरगंज कचेरीतलं सगळं दप्तर एकाच लिपीत, छापील नमुन्यांवर, असा हुकूम होता. नमुने छापायचं काम साहेबांच्या मेहुण्याला मिळालं होतं. हा अर्थातच योगायोग. नापास कारकुनानं एक तारखेपासून घरी बसायचं होतं. लक्ष्मीकांतांच्या घरी बसायला आधीच सात माणसं होती.

मल्हारराव साहेबांनी कागद उचलला. साहेब तिशीचे, आग्र्याला शिकलेले.

"पंत, हे काय? सगळे शब्द एकमेकांना चिकटलेत. जलेबी केलीत नुसती!"

"मोडीत शब्द तोडत नाहीत, साहेब. वाचणाऱ्याला कळतं."

"वाचनेवाला बचा ही कौन?"

साहेबांनी लाल पेन्सिलीनं फुली मारली. लक्ष्मीकांत टाकाचं निब पुसत राहिले. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं.

बाकीचे कारकून गेल्यावर साहेबांनी खणातून एक पिवळा कागद काढला.

"आजोबांची सनद. मुरारकडच्या जमिनीची. वडिलांच्या चुलतभावांनी दावा लावलाय. उद्या बाळबोध नक्कल हजर करायची आहे, आपल्या कारकुनाच्या सहीची. बघा, आजोबांचं, कान्होजींचंच नाव आहे ना?"

"चुलत्यांकडे मोडी वाचणारं कोणी..."

"छोडिए! त्यांचा वकील लखनौचा."

लक्ष्मीकांत वाचू लागले. चौथ्या ओळीशी बोट थांबलं. नाव ठसठशीत होतं: सूर्याजी. कान्होजींचे धाकटे भाऊ. म्हणजे दावा लावणाऱ्या चुलत्यांचे वडील. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मग तिसऱ्यांदा. नाव बदललं नाही.

"ठीक है ना, पंत?"

"साहेब, माझी परीक्षा..."

"त्याचं बघू की. आधी नक्कल."

साहेबांनी नवाकोरा छापील नमुना पुढे सरकवला. लक्ष्मीकांतांनी गावाचं नाव लिहिलं, बिघे लिहिले, चतुःसीमा लिहिल्या. प्रत्येक शब्द सुटा, प्रत्येकावर वेगळी रेघ. पुढच्या रकान्यापाशी टाक थांबला.

"मालकाचं नाव," ते मान वर न करता म्हणाले, "काय लिहू, साहेब?"

मल्हाररावांनी पिवळ्या कागदाकडे बघितलं. मग उठले आणि त्यांनी दार लावून घेतलं.