कुलपावरची काजळी

मिशीची पैज आम्ही जिन्यातच लावली. मी कुलूपवाला, आणि समोरचा न्हावी माझा दोस्त, आमच्याच चर्चचा. इमारतीला नवा रखवालदार आणला तो यानं, थेट तुरुंगातून. चोरीसाठी दोन वर्षं आत होता म्हणे. शेजाऱ्यांनी त्याला जिन्याखालची खोली दिली आणि बजावलं, काही गेलं की त्याच दिवशी चालता हो.

"रविवारपर्यंत हा काहीतरी लांबवतो," मी म्हटलं. "नाही लांबवलं तर भर रस्त्यात माझी मिशी काढ."

"लांबवलं तर माझी. देवानं माणूस आपल्या प्रतिरूपात घडवलाय, लेका. यालाही."

"मग देवाचे हातही लोकांच्या खिशात जातात का रे?"

"हात याचे, ठसा देवाचा. वर कितीही घाण बसू दे, ठसा जात नाही."

"मग हा आल्यापासून तुझ्या दुकानाला दोन कुलपं का?"

दुसरं कुलूप त्याला मीच विकलं होतं.

रविवारी सकाळी माझी पेटी जिन्याखाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "आत चांदी आहे, जपा रे!" आत दोन विटा होत्या. काळ्या कुलपाला तेलात कालवलेली काजळी फासली होती. हाताला लागली की साबणाच्या बापालाही निघत नाही.

रखवालदार फाटकावर राहिला, आम्ही चर्चला गेलो. पाळक सृष्टीच्या सहाव्या दिवसावर, देवानं माणूस घडवला त्यावर आले, तोच आमच्या इमारतीतल्या शिक्षिकाबाई खोकत बाहेर गेल्या. मग शिंपीकाका. मग माझी बायको. एवढा खोकला? मला शंका आली, पण लगेच डुलकीही आली.

परतल्यावर सगळ्यांच्या पुढे जाऊन पाहिलं तर कुलपावरची काजळी पुसलेली! मी फाटकातच सगळ्यांना थांबवलं.

"ए, हात दाखव!"

रखवालदारानं दोन्ही हात पुढे केले. स्वच्छ.

"मग इथे आलं कोण?"

"आपापल्या घरात माणसं येतात-जातात, दादा. मी कुणाला अडवणार?"

बायकोनं हात पाठीमागे नेले. शिक्षिकाबाई रुमाल शोधू लागल्या. एकेकाची बोटं बघतो तर काळीभोर! चांदी गेली का ते बघायला मंडळींनी कुलूप ओढून ओढून पाहिलं होतं. मी हसून गडबडा लोळायचाच बाकी होतो, तेवढ्यात न्हाव्यानं खिशातून उजवा हात काढला. काळा.

"मीही आलो होतो," तो रखवालदाराला म्हणाला. "एवढं बोललो तुझ्या बाजूनं, आणि आलो."

रखवालदार त्या हाताकडे बघत राहिला. "वर काजळी आहे, मामा. खाली हात तुमचाच आहे ना?"

न्हाव्यानं रस्त्यात खुर्ची मांडली, मला बसवलं आणि वस्तरा रखवालदाराच्या हातात दिला. "तुरुंगात सगळ्यांच्या दाढ्या तूच करायचास ना? कर."

सगळी गल्ली गोळा झाली. माझ्या कानापर्यंत फेस, आणि नाकाखाली वस्तरा कुणाचा, तर ज्याला मी आठवडाभर चोर म्हणत होतो त्याचा.

"डोळे मिटा, दादा."

"मिटतो कशाला!" मी एक डोळा उघडाच ठेवला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "मिशीच नेणार. बाकी तुमचं सगळं जागच्या जागी."

अर्धी मिशी मांडीवर पडली. सगळ्यात मोठ्यानं हसली माझी बायको, काळ्या बोटांनी तोंड झाकून.