वसुमतीच्या बोटांवर पडलेला रूळ

मी एक जुना शिसवी रूळ आहे. तंजावूरजवळच्या तिरुवैयारु गावच्या सुताराने मला गोल, गुळगुळीत केले ते वहीत रेघा आखण्यासाठी. पण मित्रांनो, १९५८ साली मी तंजावूरच्या एका शाळेत चौथीच्या गुरुमूर्ती सारांच्या हाती लागलो आणि रेघांपेक्षा वळच जास्त उठवले. सार मला टेबलावर आपटत आणि चाळीस पोरे चिडीचूप होत. त्याचा मला केवढा गर्व होता! आता सांगायलाही लाज वाटते.

त्या वर्गात वसुमती होती. एकदा ऐकलेला धडा तिला तोंडपाठ होई. एके दिवशी पुस्तक समोर धरून तिने अख्खा धडा घडाघडा म्हटला. सारांनी डोकावून पाहिले, तर पान भलतेच उघडलेले! पोरगी आपली थट्टा करते आहे, असे समजून त्यांचे डोके फिरले.

"सार, मारू नका सार! अक्षरं हालतात!"

"हालतात? थांब, मी थांबवतों!"

त्यांनी तिचा हात टेबलावर दाबून धरला. पहिल्या फटक्याला कातडी फुटली. तिसऱ्याला तर्जनीचे हाड मोडले आणि ते मोडणे माझ्या सर्वांगातून गेले. मला लागलेले रक्त सारांनी तिच्याच परकराला पुसले. पुढच्या आठवड्यात डाव्या हाताची पाळी आली. जानेवारीतल्या पोंगल सणापर्यंत तिने एक पान वाचून दाखवले नाही तर शाळेतून तिचे नाव कमी करू, असे हेडमास्तरांनी घरी कळवले.

शाळेच्या दाराशी शुक्रवारी मुली कोलम, म्हणजे ठिपक्यांची पिठाची रांगोळी, घालत. मोडक्या बोटाने वसुमती घाली, पण एक ठिपका चुकत नसे. ते पाहिले शेजारच्या वर्गाच्या चंद्रमती टीचरांनी.

"सार, ही मठ्ठ कशी? डोळ्यानं येत नाही मणून हातानं शिकवूं."

रोज दुपारी त्या तिच्याकडून व्हरांड्यात तांदळाच्या पिठाने हातभर मोठी अक्षरे काढून घेत. तीन महिने!

पोंगलआधी, त्या एका पानाच्या परीक्षेच्या दिवशी वसुमती वाकडे बोट ओळीवरून सरकवत वाचू लागली. एक ओळ झाली, दुसरी झाली. मागची पोरे कुजबुजली. सारांना आनंद झाला होता, तिच्यासाठीच त्यांनी वर्ग गप्प करायला मला टेबलावर आपटले. वसुमतीने दोन्ही हात झटकन काखेत लपवले. वाचन तिथेच थांबले.

"सार, आधी तो रूळ बाहेर टाका," दाराशी ऐकत उभ्या असलेल्या चंद्रमती टीचर म्हणाल्या.

सारांनी एकदा तिच्या बोटाकडे पाहिले आणि मला खिडकीतून भिरकावले. मी गटाराच्या चिखलात पडलो. मित्रांनो, तुमच्या वर्गात कोणाची अक्षरे हलत असतील तर त्याच्यासमोर माझ्यासारखे काही ठेवू नका. मी टेबलावरून गेलो, आणि आत वसुमतीने पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतले, ते मला चिखलातही ऐकू आले.