दोघींचा हॉल

रायपूर महापालिकेतल्या भनपुरीची पार्षद, म्हणजे नगरसेविका, नीलिमा आणि बीरगांवची पार्षद मोनाली या सख्ख्या जावा. दोन्ही गावांच्या शिवेवर बॅडमिंटनचा हॉल बांधायचा, अर्धा खर्च रायपूर निगमानं द्यायचा आणि अर्धा बीरगांवच्या निगमानं, असा प्रस्ताव आला, तेव्हापासून नीलिमाच्या पोटात दुखायला लागलं. हॉलच्या पाटीवर त्या धाकटीचं नाव आपल्या नावाला खेटून लागणार! तिच्या निवडणुकीत सासरे गल्लोगल्ली हात जोडत फिरले. आपल्या वेळी बरे त्यांचे गुडघे दुखत होते!

दुपारच्या सभेत नीलिमा कडाडली, "आपल्या पैशावर त्यांचे पोट्टे काहून खेळतील?"

प्रस्ताव एका मतानं पडला. ते मत तिचंच.

घरी येऊन तिनं नवऱ्याला, प्रफुल्लला, मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. बाहेर त्या दोघांचीच पोट्टी उभ्या ट्रकांच्या मधल्या जागेत शटल मारत होती.

"अवं, मोनालीनं तं सकाळीच बीरगांवच्या सभेत तो पाडला," प्रफुल्ल म्हणाला. "म्हणे, दीदीसंगं एका पाटीवर नाव नको."

नीलिमाचं तोंड उतरलं. नाही म्हणायचा मानसुद्धा त्या सटवीनं आधी पटकावला होता!